नऊ अंडी आणि अडुसष्ट टक्के

१ फेब्रुवारी

रोजनिशी सुरू. जानेवारी महिना ती कुठल्या पेनने लिहावी या विचारात गेला.

यंदाचा संकल्प एकच. बदली. बायको तिकडे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मी इकडे वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर. मध्ये रात्रभराचा बसप्रवास. तीन वर्षं हेच चाललंय. महिन्यातून दोन दिवस नवरा-बायको, बाकीचे दिवस नुसता फोन. फोनवरसुद्धा ती आधी बाबांच्या गुडघ्यांची चौकशी करते.

बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. अर्जावर पेपरवेट. महिनाअखेरपर्यंत साहेबांनी शिफारस केली तर मार्चच्या यादीत नाव येतं. नाही केली तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा पेपरवेट.

साहेबांची मर्जी संपादन करायची. योजना तयार आहे. म्हणजे होईल.

२ फेब्रुवारी

योजना आपणहून चालत आली!

साहेबांची लाडकी कोंबडी महाराणी काल गेली. शेजारच्या कुत्र्याने धरली. साहेब ऑफिसात आले तेच डोळे सुजवून. तिची नऊ अंडी मागे राहिली आहेत. बसायच्या आधीच बिचारी गेली. सगळे माना खाली घालून उभे. 

मी पुढे झालो. म्हणालो, साहेब, अंडी माझ्याकडे द्या, मशीनमध्ये उबवतो, आमच्या घरात हा अनुभव पिढीजात आहे.

हे शेवटचं वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. पण साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, आता तुमच्याच भरवशावर.

घरी येऊन बाबांना विचारलं, आपल्याकडे कोणी कधी कोंबड्या पाळल्या होत्या का. बाबा शब्दकोडं सोडवत होते. म्हणाले, तुझ्या आजोबांना अंड्याची ॲलर्जी होती.

३ फेब्रुवारी

मशीन आणलं. दिसायला मोठ्या जेवणाच्या डब्यासारखं. झाकणाला छोटी काचेची खिडकी, तळाला पाणी भरायच्या दोन पन्हळी. तापमान मशीन स्वतः सांभाळतं. अंडी स्वतः फिरवतं. माणसाकडे एकच काम ठेवलंय, हवेतला दमटपणा.

मॅन्युअल वाचलं. पहिले अठरा दिवस पंचेचाळीस ते पन्नास टक्के. शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर, आणि त्या तीन दिवसांत झाकण अजिबात उघडायचं नाही. याला लॉकडाऊन म्हणतात. पिल्लू कवच फोडत असताना हवा कोरडी पडली तर आतलं पातळ कातडं सुकून त्याच्या अंगाला चिकटतं. मग पिल्लू आतच अडकतं.

हे पान दोनदा वाचलं.

दमटपणा मोजायला वेगळा सेन्सर घेतला. काडेपेटीएवढा, बिनवायरचा. तो मशीनच्या आत ठेवायचा, आकडा बाहेरच्या छोट्या डब्यावर दिसतो. वीस वर्षं लोकांचे काटे तपासतोय. मला मोजमाप शिकवायची गरज नाही.

मशीन अडगळीच्या खोलीत लावलं. खिडकी नाही, वारा नाही. उत्तम जागा.

४ फेब्रुवारी

सेन्सरची चाचणी घेतली. पद्धत अशी की ओलं मीठ आणि सेन्सर एका पिशवीत घट्ट बांधून ठेवायचे. पिशवीत बरोबर पंचाहत्तर टक्के यायला हवेत. आले एक्याऐंशी.

मीठ खराब आहे.

(एखाद्या दुकानदाराने हे कारण सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे दंड ठोकला असता. पण तो दुकानदार असता.)

१० फेब्रुवारी

टॉर्च लावून अंडी पाहिली. नऊच्या नऊ जिवंत! आत लाल रेषा, मध्ये काळा ठिपका, तो हलतो. मी खोलीत एकटाच होतो तरी बाप रे म्हणालो.

पण एक अडचण आहे. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. आतलं पाणी उडेल तशी ती वाढायला हवी. आपल्या अंड्यांत ती नखाएवढीच आहे. कारण मी दोन्ही पन्हळी काठोकाठ भरल्या होत्या. शेवटी सत्तर लागणारच आहेत, तर आतापासून सवय असावी, असा विचार होता. विचार चांगला होता. मॅन्युअल म्हणतं, अशाने पिल्लू आतल्या आत गुदमरतं.

बाबा मागून डोकावले. म्हणाले, उबवतोयस की बुडवतोयस?

एक पन्हळ रिकामी केली. हे माझ्या योजनेत होतंच.

१४ फेब्रुवारी

साहेब रोज जिन्यात गाठतात. आज विचारलं, पिल्लांना आपला आवाज ऐकू जातो का हो? मी म्हणालो, सोळाव्या दिवसानंतर. हा दिवस मी जागच्या जागी ठरवला. साहेबांनी तो डायरीत लिहून घेतला.

सगळ्या अंड्यांचं वजन केलं. पोकळी वाढतेय, वजन उतरतंय. छान. अर्जावरचा पेपरवेट आज खिडकीकडे सरकलेला दिसला. शुभ लक्षण.

संध्याकाळी बायकोचा फोन. म्हणाली, बदलीचं काय? मी म्हणालो, शास्त्रशुद्ध प्रयत्न चालू आहेत. तिने विचारलं, म्हणजे काय? मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, तू साहेबांना सरळ विचारत का नाहीस, की मला बायकोकडे जायचंय, सही करा?

बायकांना ऑफिस कळत नाही. (ती स्वतः दहा माणसांची लॅब चालवते. पण ते वेगळं.)

२१ फेब्रुवारी, दुपार

लॉकडाऊन!

साहेबांनी स्वतः रजा दिली. म्हणाले, ऑफिस गेलं चुलीत, तुम्ही घरी बसा.

अंडी फिरवणं बंद केलं. दोन्ही पन्हळी भरल्या. सेन्सरवर थोडं बाष्प आलं होतं म्हणून रुमालाने पुसायला बाहेर काढला. नेमका तेव्हाच साहेबांचा फोन. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने झाकण, साहेब विचारतायत झाकण उघडं तर नाही ना. म्हणालो, छे छे, काय बोलताय! रुमाल-बिमाल सगळं अंगातल्या ड्रेसिंग गाऊनच्या खिशात कोंबलं आणि झाकण लावलं. क्लिक.

आता तीन दिवस जग इकडचं तिकडे झालं तरी झाकण उघडणार नाही. हा माझा शब्द.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

रीडिंग एक्केचाळीस!

पासष्ट हवेत आणि एक्केचाळीस! दोन्ही पन्हळी भरल्या असताना! खिडकीतून आत पाहावं तर काचेवर वाफ धरलेली, काही दिसत नाही. वाफेलासुद्धा आत्ताच यायचं होतं.

झाकण उघडता येत नाही. म्हणजे बाहेरूनच काहीतरी करायला हवं. अख्खी खोलीच दमट करायची. दाराला ओली चादर लावली. दोऱ्यांवर ओले टॉवेल. मध्यभागी गरम पाण्याची बादली. बादलीशेजारी मी, स्टुलावर.

एकोणपन्नास. पंचावन्न. त्रेसष्ट. अडुसष्ट!

याला म्हणतात नियंत्रण.

२२ फेब्रुवारी, सकाळ

चमत्कारिक गोष्ट लक्षात आली आहे. रीडिंगचा डबा मी गळ्यातच अडकवून ठेवलाय, त्यामुळे कुठेही गेलो तरी आकडा दिसतो. खोलीत बादलीजवळ बसलो की अडुसष्ट. स्वयंपाकघरात गेलो, बावन्न. गॅलरीत जरा मोकळी हवा घ्यायला उभा राहिलो, अडतीस! पळत परत आलो. अडुसष्ट.

आंघोळीला गेलो तर एक्याण्णव. गाऊन खुंटीवर, मी डोक्यावर तांब्या धरून उभा, आणि समोर डब्यावर एक्याण्णव. आंघोळ अर्धीच सोडली.

अर्थ स्पष्ट आहे. मशीनला माझी सवय झाली आहे. मी जवळ असलो की त्याचं चित्त थाऱ्यावर राहतं. मॅन्युअलमध्ये याचा उल्लेख नाही. कंपनीला कळवायला हवं.

निर्णय : खोली सोडायची नाही. आंघोळ नाही.

२२ फेब्रुवारी, दुपार

बाबा चादर बाजूला करून ताट आत सरकवतात आणि लगेच पाठ फिरवतात. म्हणाले, दरवाजा उघडला की तोंडावर ओलं फडकं मारल्यासारखं वाटतं. म्हटलं, बाबा, दार लवकर लावा, टक्का पडतोय.

चहा प्यायलो, दोन टक्के वाढले. घाम आला, तीन वाढले. साहेबांचा फोन आला की हमखास पाच वाढतात. आता आकडा घसरायला लागला की मी साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणतो.

गाऊन पिळून निघेल इतका ओला आहे. खिशात काहीतरी टोचतंय. चष्म्याचं घर असणार. बघायला उठलो तर बादलीपासून लांब जावं लागेल. राहू दे.

भिंतीचा रंग सुटायला लागलाय. मी बसलोय त्या जागेवरून तीन गोष्टी दिसतात. मशीन, बादली, आणि एक मोडकी सायकल जी मी दुरुस्त करणार आहे.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

बायकोचा फोन. तिने तिकडे दोन खोल्यांचं घर पाहिलंय. मोठी गॅलरी आहे, बाबांना सकाळचं ऊन मिळेल, जिने नाहीत. घरमालकाला महिनाअखेर सांगायचंय. म्हणाली, हो म्हणू का नको? मी म्हणालो, हो म्हण, बिनधास्त, परवा पिल्लं बाहेर, तेरवा सही. ती म्हणाली, तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय? मी म्हणालो, अडुसष्ट टक्के.

ती हसली. मग म्हणाली, ये रे लवकर. मला आता कंटाळा आलाय एकटीचा.

डोळे पुसले. सत्तर टक्के.

२३ फेब्रुवारी, सकाळ

स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तर अंगावर गाऊन नाही, कोरडी चादर आहे. आणि गळ्यातल्या डब्यावर नव्व्याण्णव!

नव्व्याण्णव! म्हणजे आत पूर! पाचावर धारण बसली. टॉवेल ओढून काढले, बादली बाहेर नेऊन ओतली, चादर फेकली, टेबलफॅन आणून फुल्ल सोडला. मी स्वतःही लांब सरकलो, कारण माझ्यामुळे वाढतं. थेट रस्त्यापर्यंत गेलो. बनियनवर. तरी नव्व्याण्णव.

मग आकडा गेला. नुसत्या दोन रेघा. मी रस्त्याच्या मधोमध उभा. समोरचा न्हावी दुकानातून बाहेर येऊन म्हणाला, काय झालं, कोणी गेलं का? मी म्हणालो, नऊ जण.

२३ फेब्रुवारी, थोड्या वेळाने

मन शांत ठेवून लिहितो.

घरी आलो तर बाबा वॉशिंग मशीनसमोर उभे. हातात माझा गाऊन. म्हणाले, वासाने घरात राहवेना म्हणून झोपेतच अंगावरून काढला आणि धुवायला टाकला. खिशात हे होतं. आणि सेन्सर माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, साबणाने धुतलाय, स्वच्छ आहे.

म्हणजे परवापासून सेन्सर खिशात होता. म्हणजे अडुसष्ट टक्के ते माझे होते.

बरं. यातही एक बाजू आहे. माणसाने स्वतःला दोन दिवस सतत पासष्ट ते सत्तरच्या मध्ये ठेवणं ही काही सोपी गोष्ट नाही.

पण मग आत काय आहे? एक्केचाळीस असेल तर पिल्लं कातड्यात अडकून बसली असतील. हाताने झाकण उघडावं, एकदाच, बोटभर, नुसतं पाहावं. हात झाकणावर ठेवलासुद्धा. बाबांनी दारात खुर्ची टाकली. म्हणाले, दोन दिवसांत त्या मशीनला तुझा हात लागलेला नाही, हेच त्या पोरांचं नशीब, आता लाव हात आणि बघ माझ्याशी गाठ आहे.

बसलो. बाबा दारात, मी आत.  मला रडू येतंय आणि ते मला मान्य आहे.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

आवाज आला. बारीक. मशीनमधून. चीं.

बाबा खुर्चीतून उठले. गुडघे दुखत असताना उठले.

२४ फेब्रुवारी

नऊपैकी आठ! आठ पिल्लं! ओली, वाकडीतिकडी, एकमेकांवर पडणारी, आणि मग तासाभरात अशी फुललेली की हातात घ्यावीत तर वजनच लागेना. एक अंडं मुकं राहिलं. त्याच्याकडे पाहवलं नाही.

साहेब धावत आले. बूट न काढता आत गेले आणि मशीनसमोर फरशीवर बसले. एकाला हातात घेऊन म्हणाले, अगदी आईवर गेलंय. मग मला म्हणाले, कसं केलंत हो तुम्ही हे?

बाबा माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, साहेब, हे हातचं कसब आहे. मशीन नुसतं निमित्त. दमटपणा अंगात मुरावा लागतो. दुसऱ्या कोणाला हे जमायचं नाही.

बाबा उठून गॅलरीत गेले.

२५ फेब्रुवारी

ऑफिसात सत्कार. मी आर्द्रतेवर छोटंसं भाषण केलं, पाऊण तास. उपस्थितांपैकी कोणीही मधेच उठलं नाही. साहेब दारात उभे होते.

बायकोला सगळं सांगितलं, गाऊनसकट. ती इतकी हसली की तिकडे कोणीतरी पाणी आणून दिलेलं ऐकू आलं. मग तिने हसू आवरलं. म्हणाली, साहेबांना हे सांगितलंस? म्हटलं, नाही, त्याची गरज काय? म्हणाली, अरे, ज्या माणसाशिवाय आपलं चालणार नाही असं वाटतं, त्याला कोण जाऊ देतं?

या दृष्टीने मी विचार केला नव्हता.

२६ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. खुशीत होते. म्हणाले, घरच्या बाकीच्या कोंबड्यांची बावीस अंडी जमवली आहेत, आज गाडीतून पाठवतो. मी म्हणालो, साहेब, माझा बदलीचा अर्ज. साहेबांनी पेपरवेट उचलला. अर्ज हातात घेतला. म्हणाले, अहो, तुम्ही गेलात तर यांचं कोण बघणार? हसले. मीही हसलो. 

ठरलं. उद्या सकाळी पहिलं काम, साहेबांना सगळं खरं सांगायचं. खिसा, गाऊन, साबण, सगळं. मी अगदीच निरुपयोगी माणूस आहे हे पटवून द्यायचं. पुरावे भरपूर आहेत. साहेब रागावतील, आणि रागाच्या भरात तरी माझी पाठवणी करतील. या वेळी योजना पक्की आहे.

२७ फेब्रुवारी

सांगितलं. काही लपवलं नाही. अनुभव पिढीजात नाही, आजोबांना ॲलर्जी होती, सोळावा दिवस मी मनाने ठरवला, सेन्सर खिशात होता, मी दोन दिवस स्वतःलाच उबवत बसलो होतो, पिल्लं मशीनने काढली, आणि मला झाकणाला हात लावू दिला नाही तो बाबांनी.

साहेब शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांचे डोळे भरून आले. उठून दार उघडलं आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, बघा, एवढं करूनही माणूस श्रेय घ्यायला तयार नाही, हल्ली असा विनय कुठे बघायला मिळतो?

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग माझ्यासमोरच अर्जावर लिहिलं, सदर कर्मचाऱ्याची येथे नितांत गरज असल्याने बदलीची शिफारस करता येत नाही. सही केली. सही सुंदर आहे त्यांची.

बायकोला फोन केला. सांगितलं. ती हसायला लागली, मग हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. म्हणाली, घरमालकाला नाही सांगते. मी काहीतरी बोलणार होतो, पुढच्या वर्षाची योजना वगैरे. बोललो नाही.

बावीस अंडी आली आहेत. बाबांनी पन्हळीत पाणी भरून दिलं.

मला तिच्याकडे जायचं होतं. एवढंच होतं.